दह्याला तार, पावाची वीट

पत्र : मी पुण्यात वाकडला राहते. वय ३१, तीन दिवस घरून काम, दोन दिवस ऑफिस. मुलगा साडेचार वर्षांचा. दिवाळीनंतर एकदा त्याच्या बिस्किटाच्या पुड्यामागची यादी वाचली आणि ठरवलं, आता विकतचं बंद. दही, तूप, पनीर, पाव, भाजणी, मसाले, जॅम, शेव, सगळं घरी. दोन महिने झाले. दह्याला तार सुटते, चमचा उचलला की लाळेसारखं लोंबतं. तूप दोनदा करपलं. पाव तीनदा केला, तिन्ही वेळा वीट. दूध चांगलं गरम करून यीस्ट घातलं होतं तरी. रविवार अख्खा ओट्याशी जातो. सासूबाई वाईला असतात. त्यांनी तीस वर्षं सगळं घरी केलं आणि आता त्याच फोनवर म्हणतात, "विकत आणलं तर काय बिघडतं?" मला रडूच येतं. नवरा म्हणतो, घरचं ते घरचं. सोडून देऊ का हे सगळं?
— पिठाळलेली

प्रिय पिठाळलेली,

आधी दह्याचं बघू. रडू दह्यामुळे येत असेल असं मला वाटत नाही, पण दही निदान आज रात्री सुधारता येईल.

तार सुटते ती विरजणामुळे आणि थंडीमुळे. घरच्या विरजणात एकाच जातीचे जिवाणू नसतात, चांगली मिश्र वस्ती असते. त्यातले काही दूध आंबवता आंबवता चिकट धागे सोडतात. दूध ऊबदार असलं तर बाकीचे भराभर वाढून दही लावून मोकळे होतात आणि या चिकट मंडळींना डोकं वर काढायला मिळत नाही. तुम्ही सुरुवात केलीत ती नेमकी थंडीत. रात्री ओट्यावर ठेवलेलं पातेलं तास-दीड तासात गार पडतं आणि मग यांचं फावतं. वर दुसऱ्या दिवशी त्याच दह्यातला चमचाभर तुम्ही विरजणाला ठेवता, म्हणजे तार वारशाने पुढे जाते. वास नेहमीचा असेल आणि नुसती तारच असेल तर ते दही कढीत घालून संपवा. वास वेगळा येत असेल किंवा वर गुलाबी-नारिंगी डाग दिसले तर सरळ टाकून द्या. विरजण मात्र त्यातलं पुन्हा घ्यायचं नाही. ती वेल तिथेच तोडायची.

नवं विरजण मागून आणा, ज्या घरचं दही तुम्हाला आवडतं त्या घरातून. पातेलं उकळत्या पाण्याने विसळून घ्या. दूध वर आलं की लगेच गॅस बंद करू नका, मंद आचेवर आणखी पाच-सात मिनिटं ढवळत ठेवा. पिशवीतलं दूध आधीच पाश्चराइज्ड असतं, मग एवढं कशाला तापवायचं, असं हल्ली बरेच जण विचारतात. जंतूंसाठी नाहीच ते. ८५ अंशांच्या आसपास दुधातली, एरवी निवळीत, म्हणजे दह्याच्या पाण्यात जाणारी प्रथिनं उलगडतात आणि दही लागताना बाकीच्या जाळ्यात अडकून बसतात. जाळं घट्ट झालं की पाणी कमी सुटतं. ज्यांचं दही "लागतं पण पातळच लागतं" त्यातल्या निम्म्यांची चूक इथे असते.

मग दूध ४२-४३ अंशांपर्यंत निवू द्यायचं. थर्मामीटरची गरज नाही. करंगळी दुधात बुडवून दहा आकडे मोजा. ऊब चांगली जाणवतेय पण दहापर्यंत बोट काढावंसं वाटलं नाही, ती वेळ. पाचलाच बोट बाहेर आलं तर थांबा. काहीच जाणवलं नाही तर उशीर झालाय, पातेलं परत जरासं गॅसवर धरा. अर्ध्या लिटरला एक लहान चमचा विरजण, थोड्या दुधात फेटून घातलेलं. जास्त घातलं तर दही लवकर लागतं खरं, पण आंबट आणि कणीदार होतं.

आणि आता ऊब धरून ठेवायची. माझी आई थंडीत दह्याचं भांडं कणकेच्या डब्यात गळ्यापर्यंत पुरून ठेवायची. पीठ गोधडीचं काम करतं. तुमच्याकडे पोळ्यांचा कॅसरोल असेलच, त्यात ठेवा आणि वरून जुना टॉवेल गुंडाळा. ओव्हन बंद ठेवून नुसता आतला दिवा लावला तरी चालतं. फक्त घरात सगळ्यांना सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं. सकाळी लेकीने केक करायला म्हणून ओव्हन न उघडताच १८० वर लावला. त्या दिवशी पातेल्यातून जे निघालं त्याला आमच्याकडे अजून नाव नाही.

उन्हाळ्यात पाच-सहा तासांत दही लागतं, आत्ता आठ-दहा धरा. मध्येच उघडून हलवून बघायचं नाही. लागलं की लगेच फ्रीजमध्ये.

आता तुमच्या रडण्याबद्दल.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात वाचते, ठरवते, तापवते, मळते, करपवते ती एक व्यक्ती आहे. नवरोजी शेवटी एकदाच येतात, चार शब्द बोलतात आणि जातात. घरचं ते घरचं. बरोबर आहे, पण घरचं म्हणजे घरातल्या कुणी केलेलं? हे त्यांना विचारा. भांडायला म्हणून नाही, हातात दळणाची पिशवी देताना विचारा.

दुसरं असं की ज्या घराशी तुम्ही स्वतःची तुलना करताय, ते "सगळं घरी" करणारं घर वाईलाही नसावं. सासूबाईंना एकदा नीट विचारा. दूध गवळी घालत असणार. पीठ गिरणीतून यायचं, तेल घाण्यावरून, पोहे-चुरमुरे भट्टीवाल्याकडून. मिरच्या वाळवून निवडायच्या घरी, पण कुटायच्या कांडपावर. लालबागच्या मिरची गल्लीत आजही एप्रिल-मेमध्ये जाऊन बघा. ब्याडगी किती, संकेश्वरी किती, लवंगी घालायची की नाही यावर तिथे बायका तासतासभर घालवतात, आणि मग मसाला भाजून-कुटून घेऊनच घरी जातात. तो मसाला "घरचा" म्हणूनच बरणीत जातो आणि त्याला कुणी हरकत घेत नाही.

पाव तर कधी घरचा नव्हताच. पोर्तुगिजांबरोबर तो गोव्यात आला, पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी वापरली गेली आणि गावोगावी पोदेर, म्हणजे पाववाले झाले. गोव्यात सकाळी सायकलच्या मागे टोपली बांधून, भोंगा वाजवत पोदेर येतो, त्याच्याकडून उंडे आणि पोळी घ्यायची (दोन्ही तिथले पावच). तिथली अस्सल गृहिणी माशाचं हुमण घरी करते आणि पाव पोदेराकडून घेते, आणि त्यात तिला काही कमीपणा वाटत नाही. वडापाववाल्या मुंबईचंही तेच.

पापड-कुरडया खरोखर घरी व्हायच्या. पण एकटीने नाही. आज आमच्या गच्चीवर, उद्या तुमच्या. आठ-दहा पोळपाट, एकीने पीठ कुटायचं, बाकीच्यांनी लाटायचं, पोरांनी कावळे हाकायचे आणि लाट्या खायच्या. १९५९ साली गिरगावात सात बायका अशाच गच्चीवर पापड लाटायला बसल्या, ८० रुपये उसने घेऊन. त्याचंच पुढे लिज्जत झालं. म्हणजे त्या विकतच्या पुड्यातही कुणाचे तरी लाटणारे हात असतात. दहा जणींचं काम अंगावर घेऊन, ते एका रविवारी एकटीला झेपत नाही म्हणून रडणं हा स्वतःवरच अन्याय आहे.

सासूबाईंच्या वाक्याकडेही जरा वेगळ्या कानाने बघा. तुम्हाला त्यात टोमणा ऐकू आला. मला ऐकू आली ती तीस वर्षं ओट्याशी उभी राहिलेली बाई. विकतचं आणून काहीही बिघडत नाही हे तिला फार आधी कळलं होतं, फक्त तेव्हा तिला तसं कुणी म्हटलं नव्हतं. कदाचित चुकत असेन मी. पण फोन करून बघा.

तर, सोडून देऊ का? बरंचसं सोडा. दूध ठेवा.

दूधच का, तर ती साखळी आहे. भाजणी केली की भाजणी मिळते आणि काम संपतं. दुधाचं तसं नाही. ते रोज तापवायचंच असतं. त्यावरची साय काढली की विरजण, विरजणाचं लोणी, लोण्याखालचं ताक, लोण्याचं तूप, तुपाखालची बेरी. वेगळा रविवार द्यावा लागत नाही. रोजची पाच मिनिटं आणि आठ-दहा दिवसांतून एक तास.

साखळी सुरू करायच्या आधी पिशवी बघा. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश, डबल टोन्डमध्ये दीड, फुल क्रीममध्ये ६. डबल टोन्डवर साय धरत नाही म्हणून कष्टी होणाऱ्या बायका मी पाहिल्यात. नसलेलं लोणी कुठून येणार? शिवाय पिशवीवर "होमोजिनाइज्ड" लिहिलंय का तेही बघा. त्या दुधात स्निग्धांशाचे थेंब यंत्राने इतके बारीक केलेले असतात की ते वर तरंगून येत नाहीत, आणि फुल क्रीम असूनही साय नावालाच येते. तूप करायचं असेल तर साधं फुल क्रीम किंवा ओळखीच्या गवळ्याचं म्हशीचं दूध घ्या. तसं मिळत नसेल तर दह्यापुरतंच घरी करा आणि तूप विकत आणा. उगाच ओढाताण नको.

साय रोज एका डब्यात, फ्रीजमध्ये. पहिल्या दिवशीच त्यात चमचाभर चांगलं दही घालून ठेवा. आठ-दहा दिवसांच्या वर साठवू नका, कडवट होते. घुसळायच्या आधी डबा अर्धा तास बाहेर काढायचा. फार गार असेल तर लोणी येतच नाही, नुसतं घट्ट होत बसतं. फार कोमट असेल तर लोणी तेलकट होऊन हाताला फासतं. उन्हाळ्यात बर्फाचं पाणी, थंडीत नळाचं साधं. मिक्सरला थांबून थांबून फिरवा. आवाज बदलतो, भांडं एकदम जड झाल्यासारखं वाटतं आणि झाकण काढलं की पिवळसर गोळे वर, ताक खाली. लोणी तीन-चार पाण्यांनी धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. ताक राहिलं तर ते खाली बसून आधी जळतं आणि तूप करपतं. तुमच्या दोन करपलेल्या तुपांपैकी एकाचा दोष मी इथे धरते.

दुसऱ्याचा दोष कानांचा. तूप कढवताना बघण्यापेक्षा ऐकायचं असतं. जाड बुडाचं पातेलं घ्या, आच मध्यम. आधी लोणी वितळून पांढरा फेस येईल आणि पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा तडतडाट सुरू होईल. ते पाणी आहे; लोण्यात चांगलं पाचवा-सहावा हिस्सा पाणी असतं, ते उडून जाईपर्यंत काही करपत नाही. तोवर फोन घ्या, मुलाचे मोजे शोधा. मग केव्हातरी आवाज उतरतो. पाऊस थांबता थांबता जसे तुरळक थेंब पडतात तसा. इथे ओट्याशी यायचं. आच अगदी मंद. फेस बाजूला सारून तळ बघा: द्रव सोनेरी आणि आरपार, तळाला बेरी फिकट बदामी. आता गॅस बंद. बेरी बिस्किटाच्या रंगावर येऊ दे म्हणून थांबलात की गेलं, कारण पातेलं तापलेलं असतं आणि गॅस बंद केल्यावरही पुढची दोन-तीन मिनिटं बेरी रंगत जाते. तुम्हाला हवा तो रंग त्या दोन मिनिटांत आपोआप येतो. विड्याचं पान असलं तर याच वेळी टाका. थोड्या वेळाने गाळून घ्या आणि बरणी फ्रीजमध्ये न ठेवता ओट्यावरच हळूहळू निवू द्या. तूप रवाळ होतं ते या सावकाशीमुळे.

बाकीच्यांचा निकाल भराभर लावते.

पाव : तुम्ही दूध "चांगलं गरम" करून यीस्ट घातलंत, तिथेच ते मेलं. ५५-६० अंशांच्या वर यीस्ट जगत नाही. करंगळीची तीच दहा आकड्यांची परीक्षा इथेही लागते. पीठही बहुधा पोळीच्या कणकेसारखं घट्ट मळलं असणार. पावाचं पीठ हाताला चिकटणारंच हवं, तेव्हाच फुगतं. हौस असेल तर महिन्यातून एकदा मुलाला घेऊन करा, त्याला फुगणारं पीठ बघायला आवडेल. रोजचा पाव बेकरीतून आणा.

पनीर : फुल क्रीम दुधाच्या लिटरमागे दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर पडतं, म्हणजे किलोला पाच लिटर दूध. हिशोब करून बघा, स्वस्त नाही पडत. ताजं मऊ पनीर हवं असेल तेव्हा करा. उरलेली निवळी मात्र फेकू नका, कणीक भिजवा.

भाजणी : ही करण्यासारखी आहे, पण तीन महिन्यांतून एकदा. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, थोडे गहू, धने, जिरे, प्रत्येक वेगळं भाजून. तांदूळ आणि बाजरी एकत्र भाजायची घाई करू नका, बाजरी जळेल आणि तांदूळ कच्चा राहील. हे नवरोजींचं काम. मोठी कढई, लांब झारा आणि क्रिकेटची मॅच हे तिन्ही एकत्र छान जातं. गिरणीत "भाजणी आहे, वेगळी दळा" हे तोंडाने सांगायचं, चिठ्ठीवर लिहून भागत नाही. नाहीतर आधीच्या माणसाचे गहू तुमच्या थालीपिठात येतात.

गोडा मसाला बचत गटाकडून घ्या. दगडफूल आणि नागकेशर तोळा-तोळा आणून, निवडून, भाजून वर्षाचा पाव किलो मसाला करायचा, आणि निम्मं दगडफूल डब्यात वास मरून पडायचं. जॅम घरी केलात तरी त्यात साखर घालावीच लागते, तो बंदच केलात तर उत्तम. शेव मुळीच नको. तेलाची कढई, साडेचार वर्षांचं पोर आणि रविवार, नको.

बिस्किटाच्या यादीचं तुमचं वाचन चुकीचं नव्हतं, फक्त तिथून उडी फार लांब मारलीत. यादीत जे वजनाने सर्वांत जास्त ते आधी लिहायचा नियम आहे. म्हणून पहिली तीन नावं वाचा. तिथे साखर आणि मैदा दिसले तर ती खाऊची वस्तू, अधूनमधून आणायची. विकतच्या साध्या दह्याच्या डब्यावर दूध आणि विरजण एवढंच लिहिलेलं असेल, तर त्या डब्यात आणि तुमच्या पातेल्यात फरक आहे तो चवीचा आणि पैशांचा. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. ज्या आठवड्यात ऑफिसची कामं अंगावर येतील त्या आठवड्यात तो डबा आणा.

बेरीचं सांगायचं राहिलं. गाळणीत उरते ती टाकू नका. गरम आहे तोवर त्यात चमचाभर साखर मिसळायची आणि पोळीवर पसरून गुंडाळी करून मुलाला द्यायची. आमच्याकडे तूप कढवायच्या दिवशी आम्ही भावंडं शाळेतून पळत यायचो, आणि पातेलं कुणी चाटायचं यावर मारामारी व्हायची. तुमचा मुलगा त्या दिवशी तरी बिस्किट मागायचं विसरेल.

आणि विरजण आवडत्या घरून मागून आणा म्हटलं होतं, ते मागे घेते. पुढच्या खेपेला वाईला जाल तेव्हा सासूबाईंकडून वाटीभर मागा. आदल्या रात्रीचं, घट्ट लागलेलं, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत. डबीभोवती ओला रुमाल. गाडीत डबी आडवी होऊ देऊ नका. ती नवरोजींच्या मांडीवर द्या.